टीमने केली चलाखी, ड्रायव्हरचे गुण गेले. रॅलीत तांत्रिक नियम मोडल्यास इतकी कडक शिक्षा का?

वर्षभर जीव धोक्यात घालून गाडी चालवायची आणि मोसम संपत आला की सगळे गुण शून्य! १९९५ च्या जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटाचे ड्रायव्हर युहा कँकुनेन, दिदिए ऑरिओल आणि आर्मिन श्वार्झ यांच्याबाबत हेच झालं. कँकुनेन तर जगज्जेतेपदाचे दावेदार होते.

नेमकं काय घडलं?

गाडीचं इंजिन गरजेपेक्षा जास्त ताकदवान होऊ नये म्हणून टर्बोचार्जरच्या तोंडाशी एक अरुंद कडं बसवावं लागतं. त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. त्या वर्षी त्याचा व्यास ३४ मिलिमीटर ठरला होता. हवा कमी, म्हणजे ताकदही कमी.

टोयोटाच्या सेलिका गाडीत हे कडं मापाचंच होतं. पण पाइप घट्ट बसवला की ते जागेवरून किंचित सरकायचं आणि बाजूच्या फटीतून जास्तीची हवा आत जायची. तपासणीसाठी पाइप काढला की स्प्रिंगमुळे कडं परत जागेवर! म्हणजे बघणाऱ्याला सगळं नियमातच दिसणार.

स्पेनमधल्या कॅटलुनिया रॅलीत हे उघड झालं. 'एफआयए' या जागतिक संघटनेने टीमवर १२ महिन्यांची बंदी घातली आणि टीमचे व ड्रायव्हरचे त्या मोसमातले सगळे गुण काढून घेतले. जगज्जेता ठरला सुबारूचा कॉलिन मॅकरे.

प्रत्येक चुकीला हीच शिक्षा?

नाही. २००२ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत सेबास्टियन लोब पहिला आला होता. पण सिट्रोएन टीमने परवानगी नसताना टायर बदलले होते. त्यासाठी २ मिनिटांचा दंड बसला आणि विजय टॉमी मॅकिनेनकडे गेला. लोब दुसऱ्या क्रमांकावर राहिला, बाद झाला नाही.

दुसरीकडे १९६६ मध्ये याच रॅलीत पहिल्या तीन मिनी गाड्या थेट बाद झाल्या होत्या. कारण? हेडलाइटचे बल्ब नियमात बसत नव्हते!

मग फरक कुठे?

टायर कधी बदलले, हा कामकाजाचा मुद्दा. तो वेळेच्या दंडात मोजता येतो. पण गाडीच नियमाबाहेर असेल, तर तिने काढलेली प्रत्येक वेळ संशयास्पद ठरते. किती सेकंद वजा करणार?

ड्रायव्हरला माहीत होतं का, हा प्रश्न इथे मागे पडतो. टोयोटाच्या ड्रायव्हरना या युक्तीची कल्पना होती, असं सिद्ध झालं नव्हतं. तरी गुण गेलेच, कारण ते त्याच गाडीने मिळवलेले होते. ड्रायव्हरचे गुण राखले असते, तर नियमात राहून हरलेल्यांवर अन्याय झाला असता.

शिक्षा कठोर होतीच. पण नियम पाळणाऱ्या ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं, तर दुसरा न्याय्य मार्ग सापडत नाही.