आधी जागा, मग आवाज



सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे हाती आले की हल्ली पुष्कळ घरांत टीव्हीच्या जोडीला होम थिएटर येते. हौसेला मोल नाही, हे खरे. पण पाचही स्पीकर शोकेसमध्ये ओळीने मांडलेले असतात, नाहीतर छताच्या कोपऱ्यांत टांगलेले. मग गाणी दणदणतात आणि खाली बसलेल्या आजीला संवाद मात्र कळत नाही. ती विचारते, "काय म्हणाला रे तो?" नातू आवाज वाढवतो. आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी मुलगी कानांत बोटे घालते. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो, मांडणीचा असतो.

आधी प्रत्येकाचे काम ओळखा. 'पाच पॉइंट एक' म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक डबा. मधल्या स्पीकरमधून मुख्यतः संवाद येतात. पुढच्या डाव्या-उजव्यातून संगीत येते. उरलेले दोन 'सराउंड'. पाऊस, वारा, गर्दी असा आजूबाजूचा आवाज त्यांचा. म्हणून आजीला ऐकू येत नसेल तर सगळा आवाज वाढवू नका. सोय असेल तर रिमोटवरून फक्त मधल्या स्पीकरचा वाढवा.

आता मांडणी. प्रथम बसायची जागा ठरवा. त्रिकोणी पद्धतीने फळबाग आखताना आपण सारख्या लांबीच्या दोऱ्या धरतो, तसेच येथे करा. बैठकीपासून डावा स्पीकर आठ फुटांवर असेल तर उजवाही आठ फुटांवर, आणि त्या दोघांमधले अंतरही आठ फूट. मधला टीव्हीच्या लगेच खाली, तोंड किंचित वर करून ठेवा. कपाटात खोल कोंबू नका. पुढच्या स्पीकरची उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी हवी. जमिनीवर बसत असाल तर ती साधारण अडीच फूट येते.

सराउंड दोन्ही बाजूंना, कानांच्या रेषेच्या जरासे मागे आणि कानापेक्षा फूट-दोन फूट उंच लावा. बैठक मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर ते बाजूच्या भिंतींवर लावले तरी चालते.

खर्जाचा डबा कोपऱ्यात ठेवला की घुमतो, पत्रे आणि मांडणीतली भांडी थरथरतात. त्यावर एक युक्ती आहे. डबा थोडा वेळ बैठकीच्या जागी ठेवून गाणे लावा आणि भिंतीकडेने ओणवे फिरत ऐका. जेथे ठोका स्वच्छ ऐकू येईल, तीच डब्याची जागा. फरशी आणि गिलावा केलेल्या मोकळ्या खोलीत आवाज परततो. खाली सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा एवढ्यानेही फरक पडतो.

वायरी जोडताना वीज बंद ठेवा. तांबड्याला तांबडी, काळ्याला काळी. एकच जोडणी उलटी झाली तरी खर्ज पातळ होतो. उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर यंत्र जळू शकते. विजा कडाडू लागण्याआधीच प्लग काढून ठेवा.

खरेदीपूर्वी एक हिशेब करा. लाल-पांढऱ्या पिनांच्या जोडणीतून दोनच बाजूंचा आवाज येतो, ब्लूटूथमधूनही बहुधा तसेच. पाचही स्पीकर खऱ्या अर्थाने वेगळे बोलायचे तर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी हवी, आणि चित्रपटही तशा ध्वनीचा हवा. घरात बातम्या आणि मालिकाच पाहत असाल तर दोन चांगले स्पीकर पुरेत; उरलेले पैसे खता-बियाण्याला कामी येतील.

शेवटी शेजारधर्म. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. चित्रपट चालू असताना घरातल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते का, एवढे पाहा. येत नसेल, तर आवाज कमी करा आणि दोरी घेऊन पुन्हा अंतरे मोजा.