वर्तुळ पोकळ की भरीव?

असमानता संख्यारेषेवर दाखविण्याचा पाठ शालेय बीजगणितात बहुधा घाईने उरकला जातो, आणि चिन्हाचे टोक ज्या बाजूस त्या बाजूस रेघ ओढावी, एवढी खूणगाठ विद्यार्थ्याच्या पदरी बांधून शिक्षक पुढील प्रकरणाकडे वळतात; परंतु ‘क्ष < ५’ याऐवजी तीच गोष्ट ‘५ > क्ष’ अशी लिहिली, की ही खूणगाठ दगा देते आणि रेघ निमूटपणे भलत्याच दिशेस धावते. माझ्या मते मात्र या पाठाचे खरे मर्म रेघेच्या मुळाशी काढावयाच्या त्या चिमुकल्या वर्तुळात आहे: ते भरीव असेल तर सीमेवरील संख्या आत, पोकळ असेल तर बाहेर, आणि हा भेद ज्याला वाचता येत नाही त्याला कायद्याचा मसुदाही धड वाचता येणार नाही.

दाखला मताधिकाराचा घ्यावा. १९८९ साली अमलात आलेल्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर आणले. संविधानाची अट वय १८ हून कमी नसण्याची आहे. ‘१८ हून कमी’ म्हणजे पोकळ वर्तुळ व डावीकडे जाणारी रेघ. तिला नकार जोडला, की दिशा उलटते आणि वर्तुळ भरते. सबब अर्हता-दिनांकास ज्याची अठरा वर्षे नेमकी पुरी झाली तोही मतदार ठरतो. याउलट आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये घातलेली अट वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांहून कमी असण्याची आहे, त्यामुळे ज्याच्या दाखल्यावर पुरते ८ लाख लिहिलेले आहेत तो अर्जदार, रुपयाच्या फरकाने का होईना, सवलतीस मुकतो.

महाराष्ट्रात दोनांहून अधिक अपत्ये असणारी व्यक्ती ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरते (कायद्यातील अपवाद क्षणभर बाजूस ठेवू). येथे तर रेघच ओढता येत नाही. अडीच अपत्ये कोणासच नसतात, म्हणून ३, ४, ५ असे सुटे ठिपके मांडावे लागतात, आणि ‘दोनांहून अधिक’ व ‘तीन किंवा अधिक’ यांत काडीचाही फरक उरत नाही. वजनासारख्या अखंड राशीत हीच अदलाबदल केली, तर दोन आणि तीन यांच्यामधला सारा प्रदेश हातचा जातो.

असे असता परीक्षेत आयती असमानता देऊन केवळ आकृती मागण्यापेक्षा कचेरीच्या फलकावरील एखादी अट द्यावी, आणि सीमेवर उभ्या असलेल्या अर्जदाराचे काय होणार हे कारणासह लिहावयास लावावे. वर्तुळ चुकले तर निम्मे गुण कापावेत, मग रेघ कितीही सरळ का असेना.