व्हीएफ-३ वर अन्याय नको

मिडवेच्या लढाईवरील लेखात ‘यॉर्कटाउनवरून सोबतीला गेलेल्या लढाऊ विमानांनी काहीच साधले नाही’ असे म्हटले आहे. हे वाचून वाईट वाटले. ४ जून १९४२ रोजी यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू नौकेवरील व्हीएफ-३ या लढाऊ तुकडीचे प्रमुख जिमी थॅच यांच्याकडे अवघी सहा वाइल्डकॅट लढाऊ विमाने होती आणि राखायची होती बारा संथ टॉर्पेडो विमाने. जपानी झिरो लढाऊ विमानांनी एक वाइल्डकॅट सुरुवातीलाच पाडले. वाइल्डकॅटच्या नव्या एफ४एफ-४ आवृत्तीला बंदुका चाराऐवजी सहा, पण प्रत्येकीला गोळ्या ४५० ऐवजी २४०. वीसेक सेकंदांत मारा संपे.

तरीही थॅच यांनी घरच्या टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून बसवलेला डाव इथे प्रत्यक्ष लढाईत उतरवला. दोन विमानांनी सतत एकमेकांकडे वळायचे, म्हणजे एकाच्या पाठीवरचा शत्रू दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. त्यांच्या एका साथीदाराचा रेडिओ बंद होता आणि त्याला हा डाव शिकवलेलाही नव्हता!

बारांपैकी एकही टॉर्पेडो विमान जहाजावर उतरू शकले नाही, हे खरेच. पण झिरो या झटापटीत गुंतले असताना वरून डाइव्ह बॉम्बर आले आणि आकागी, कागा, सोर्यू या जपानी विमानवाहू नौका पेटल्या. लेखकाने हे वगळायला नको होते.

– एक वाचक, ठाणे