बाखच्या घरात एक बाई होती

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाखची कबर आहे. मी पाहिली तेव्हा तिच्यावर ताजी फुलं होती. आमच्या सहलीतले एक काका भारावून म्हणाले, "केवढी परंपरा! पण बघा, यात एकही मोठी बाई झाली नाही." गाइडही हसला. मैत्रिणींनो, त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

बाई नव्हती कशी? आना माग्डालेना कोथेनच्या दरबारात पगारी गायिका होती. १७२१ साली, विशीत, तिने चार मुलांच्या विधुर बाखशी लग्न केलं. १७२३ मध्ये बिऱ्हाड लाइपझिगला आलं आणि तिचा नियमित पगार संपला. इथल्या चर्चमध्ये बायकांना गायची मुभा नव्हती. तिला तेरा मुलं झाली, सात लहानपणीच गेली. या सगळ्यातून वेळ काढून ती नवऱ्याच्या रचना उतरवून काढायची. बाखचे चेलोसाठीचे सहा सूट आज जगभर वाजतात. त्यांची बाखच्या हातची प्रत हरवली आहे. वादक मुख्यतः विसंबतात ते हिच्या हस्तलिखितावर. १७५० मध्ये बाख गेला. मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा हिला, बाकीचा नऊ मुलांना. १७६० मध्ये ही गेली ती दानधर्मावर जगणारी विधवा म्हणून. आमच्या सल्ला केंद्रात विधवांचे कागद मी रोज चाळते. मला ही गोष्ट परकी वाटली नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: काळच तसा होता. काळ पत्रं लिहीत नाही, बाप लिहितात. १८२० मध्ये फॅनी मेंडेल्सोनला तिच्या वडिलांनी लिहिलं की संगीत भावाचा पेशा होऊ शकेल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहील. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तरीही तिने साडेचारशेच्या वर रचना केल्या. काही गाणी भावाच्या, फेलिक्सच्या नावाने छापली गेली. तिची १८२८ची 'ईस्टर सोनाटा' तर फेलिक्सचीच समजली जात होती. ती फॅनीची असल्याचं २०१० मध्ये सिद्ध झालं. क्लारा शूमनची गोष्ट याच शहरातली. नवरा रचना करत असला की तिचा पियानो बंद, कारण आवाज त्याच्या खोलीत जायचा. ती तर युरोपभर गाजलेली वादक होती!

आणि हा 'काळ' संपला कधी? बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंद १८८२ मध्ये स्थापन झाला. त्यात पहिली स्त्री वादक घेतली १९८२ मध्ये. पुरी शंभर वर्षं! सेंट थॉमसच्या वृंदात आजही फक्त मुलगेच गातात. (गातात मात्र अप्रतिम. मी डोळे मिटून ऐकलं, हे लपवत नाही.)

संगीत ऐकायला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पैसे साठवा, जरूर जा. पण सहल कंपनीला आधी विचारा, बायकांची घरं दाखवणार का? लाइपझिगच्या मेंडेल्सोन संग्रहालयात २०१७ पासून फॅनीसाठी वेगळं दालन आहे. आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं. विचारलं तर गाइड म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत जाऊन या." ठाण्याच्या एक निवृत्त शिक्षिका आणि मी, दोघीच गेलो. काका जेवायला गेले.