जोडीला की ऐवजी?

बेळगावचा पावसाळा सुरू झाला की आमच्या घरात दुखणी डोकं वर काढतात. बाबांची कंबर धरली की दुसऱ्या दिवशी दवाखाना, एक्स-रे, गोळ्या, चार दिवस आराम. आईचा गुडघा तीन वर्षं दुखतोय. तिला निर्गुडीचा पाला, तिळाचं तेल आणि रात्री गरम पाण्याची पिशवी. "दवाखान्यात चल" म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "एवढं काय झालंय मला?"

अमेरिकेतल्या २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात वर्षभरात पूरक किंवा पर्यायी उपचार घेतलेल्या स्त्रिया सुमारे ४३ टक्के होत्या, पुरुष ३३.५ टक्के. कारणांत पाठदुखी सर्वांत पुढे. असे आकडे बघून लोक म्हणतात, बायकांचा या उपायांवर विश्वासच जास्त. आपल्या घरांपुरतं तरी मला हे पटत नाही. आईचा शेक फुकट होतो, घरात होतो, भाकरी थापता थापता होतो. याला विश्वास म्हणायचं की काटकसर?

माझा राग शेकावर नाही. शेकानं पाळीच्या कळा कमी होतात, हे डॉक्टरही सांगतात. बाबाही तेल चोळून घेतात की! पण ते औषधाच्या जोडीला. आईला तेच औषधाच्या ऐवजी.

हे 'ऐवजी' महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के मुली-स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. त्याचं निदान व्हायला कित्येकदा वर्षं जातात. एक कारण हेच, की पाळीत दुखणारच, असं सगळे धरून चालतात. आपल्याकडे ओवा खायचा, निजायचं, आणि "लग्न झालं की थांबतं" हे ऐकायचं.

गेल्या महिन्यात आईला हट्टानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" आई म्हणाली, "झाले असतील आठ दिवस."

मी शेजारी होते, म्हणून तीन वर्षं सांगितली. मैत्रिणींनो, मित्रांनो, घरात कुणी पाय शेकत बसलेलं दिसलं, तर पिशवी भरून द्याच. पण कधीपासून दुखतंय, तेही विचारा. आणि पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.