दीड लाखांचे बेट, सव्वाशे कोटींचा देश

द्वितीय वर्षाच्या वर्गात परवा 'लोकसंख्येचा लाभांश' हा विषय शिकवीत होतो. काम करण्याच्या वयातील माणसांचे प्रमाण वाढले की देशाच्या उत्पादनाला कशी चालना मिळू शकते, हे फळ्यावर आकडे मांडून सांगत असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उठून विचारले, "सर, मग आपण ग्वामकडून हरलो कसे?" वर्ग हसला. मीही हसलो आणि तेवढ्यात घंटा झाल्यामुळे सुटलो. परंतु घरी आल्यावर लक्षात आले की, मुलाचा प्रश्न वात्रट असला तरी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हसण्यावारी न्यावा असा तो नव्हता.

ज्या सामन्याविषयी तो बोलत होता तो १६ जून २०१५ रोजी ग्वाम बेटावरील डेडेडो येथे झाला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील या सामन्यात ग्वामने भारताला २-१ असे हरवले. पूर्वार्धात ब्रँडन मॅकडॉनल्डने आणि उत्तरार्धात ट्रॅव्हिस निकलॉने गोल केला. सुनील छेत्रीने एक गोल फेडला तो खेळ संपता संपता. त्या वेळी जागतिक क्रमवारीत भारत १४१ वा होता, तर ग्वाम १७४ वा. पाच दिवसांपूर्वी याच मैदानावर ग्वामने तुर्कमेनिस्तानला १-० असे नमवून पात्रता फेरीतील आपला पहिलावहिला विजय मिळवला होता. पुढे सप्टेंबरमध्ये त्यांनी ओमानला गोलशून्य बरोबरीत रोखले. पाच संघांच्या त्या गटात ग्वाम चौथा आला आणि भारत शेवटचा. भारताने आठ सामन्यांत एकच जिंकला, तोही बंगळूरला ग्वामविरुद्ध, आणि तोही एका गोलाने.

डेडेडोच्या पराभवानंतर आपल्याकडे जी चर्चा झाली तिचे दोनच सूर होते. पहिला लज्जेचा: सव्वाशे कोटींच्या देशाला दीड-पावणेदोन लाख वस्तीच्या बेटाने हरवावे, हे काय! दुसरा सबबीचा: ते ग्वामचे खेळाडू कसले, ते तर अमेरिकन. वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी आहेत, पण माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. राष्ट्रीय संघ हा जमिनीतून आपोआप उगवणारे पीक आहे आणि जमीन जेवढी मोठी तेवढे पीक अधिक, असे आपण धरून चालतो.

लोकसंख्या हा फुटबॉलमधील उत्पादनघटक नव्हे. ती फार तर कच्चा माल आहे, आणि खाणीत पडून राहिलेले खनिज राष्ट्रीय उत्पन्नात मोजत नाहीत. पस्तीस लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या उरुग्वेने १९३० आणि १९५० असे दोनदा विश्वविजेतेपद मिळवले आहे. साडेतीन लाखांचे आइसलँड २०१८ च्या विश्वचषकात खेळले. ज्या मुलाला आठवड्यातून तीन-चार वेळा मोकळे मैदान, शिकवणारा माणूस आणि बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो ते मूल खरे मोजायचे. अशी मुले आपल्याकडे किती आहेत हे विचारले की सव्वाशे कोटींचा आकडा भराभर आटू लागतो. कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी ईर्ष्येने झुंजतात, त्यामुळे त्या गावाला स्वतःचे फुटबॉल आहे. त्याच्या कितीतरी पट वस्तीच्या आपल्या अनेक शहरांना ते नाही.

आता सबबीकडे वळू. त्या संघातील कित्येक खेळाडू अमेरिकेत जन्मले, वाढले आणि तेथेच खेळ शिकले हे खरे आहे. बचावपटू ए. जे. डेलागार्झा हा लॉस एंजेलिस गॅलक्सी या तेथील नामांकित व्यावसायिक संघाचा खेळाडू होता. रायन गाय हा सॅन डिएगोचा. पण ही माणसे अमेरिकेत का होती, हे पाहिल्यावाचून त्यांना उसनी ठरवणे अन्यायाचे होईल.

ग्वाम हे पश्चिम पॅसिफिकमधील जेमतेम साडेपाचशे चौरस किलोमीटरचे बेट. येथील मूळ लोक चामोरो. स्पेनने त्यांच्यावर दोन शतकांहून अधिक काळ राज्य केले. १८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि बेट अमेरिकेच्या हाती गेले. १९४१ च्या डिसेंबरात जपानने ते घेतले, १९४४ मध्ये अमेरिकेने परत जिंकले. त्यानंतर विमानतळ आणि नाविक तळ यांसाठी जमिनी ताब्यात घेण्यात आल्या. आजही बेटाचा फार मोठा भाग लष्कराकडे आहे. १९५० च्या कायद्याने रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, तरी १९६२ पर्यंत बेटावर येण्याजाण्याला नौदलाची परवानगी लागत असे. ती अट उठली त्याच वर्षी 'कॅरेन' नावाच्या भीषण वादळाने बेट उद्ध्वस्त केले. जमीन गेलेली, घर पडलेले, हातात पासपोर्ट आणि लष्करात भरतीची वाट खुली. माणसे कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टन राज्यात जाऊन राहिली यात नवल ते काय? २०१० च्या जनगणनेत बेटाची एकूण वस्ती १,५९,३५८ भरली. तिच्यात चामोरो सुमारे साठ हजार. उलट अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील व अन्य राज्यांत स्वतःला ग्वामचे वा चामोरो म्हणवणारे लोक सुमारे १ लाख ४८ हजार होते. म्हणजे या समाजाचा मोठा हिस्सा बेटाबाहेर आहे. आपल्या कोकणाला 'मनीऑर्डरवर चालणारा मुलूख' म्हणत असत. ग्वामच्या फुटबॉल संघाला बाहेरून आले ते पैसे नव्हते, पाय होते, इतकाच फरक.

अमेरिकेचा पासपोर्ट असलेला कोणीही उठून ग्वामकडून खेळू शकतो असेही नाही. एकच नागरिकत्व अनेक संघांत समाईक असेल तेथे खेळाडूचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा अथवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म त्या भूमीवर झालेला असावा, किंवा त्याने तेथे ठरावीक काळ वास्तव्य केलेले असावे, असा जागतिक संघटनेचा नियम आहे. अशा नियमांची धार दुसऱ्या बाजूनेही कशी लागते याचे उदाहरण ग्वामसारख्याच दुसऱ्या अमेरिकन बेटाचे आहे. २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सामोआच्या वीस जणांच्या संघापैकी गोलरक्षक निकी सालापू वगळता सारे पासपोर्टच्या अटीमुळे अपात्र ठरले. ऐनवेळी गोळा केलेली पोरे घेऊन तो संघ ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. तो सामना ३१-० असा संपला आणि बेटाचे नाव जगाला कळले ते थट्टेचा विषय म्हणून. तेथील लोक त्या दिवसापुरते काही कमी प्रतीचे झाले नव्हते.

ग्वामनेही असले दिवस पाहिले आहेत. २००० च्या नोव्हेंबरात इराणमधील तब्रीझ येथे त्यांच्यावर इराणने १९ गोल केले आणि दोन दिवसांनी ताजिकिस्तानने १६. २००५ मध्ये उत्तर कोरियाने २१ केले. तेव्हाही कॅलिफोर्नियात चामोरो कुटुंबे होती आणि पासपोर्टही हाच होता. मग दहा वर्षांत बदलले काय? संघटनेने बेटावर मैदाने आणि प्रशिक्षण केंद्र उभारले, लहान मुलांच्या स्पर्धा नियमित भरवल्या, आणि २०१२ मध्ये गॅरी व्हाइट या इंग्रज प्रशिक्षकाला आणले. बेटावर घडलेले खेळाडू आणि परदेशात वाढलेली नातवंडे यांची सांगड त्याने घातली. संघाचे नाव 'मताओ'. प्राचीन चामोरो समाजातील उच्च कुळांना हा शब्द लावीत. ज्या मुलाने आजीचे गाव पाहिलेले नाही त्याला हे नाव छातीवर वागवताना काय वाटत असेल, हे अर्थशास्त्राला सांगता येत नाही. पण गटाच्या तक्त्यातील सात गुणांत त्याचाही काही वाटा असावा.

येथे आपल्याकडील वादाचा उल्लेख केला पाहिजे. भारतीय पासपोर्ट असल्याखेरीज देशाकडून खेळता येणार नाही, असे धोरण केंद्र सरकारने २००८ मध्ये ठरवले. आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. त्यामुळे इझुमी अराता या जपानमध्ये जन्मलेल्या आणि पुणे एफसीकडून खेळणाऱ्या खेळाडूला भारताकडून खेळण्यासाठी जपानचे नागरिकत्व सोडावे लागले. २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सनेही तसेच केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅरिबियनमधील क्युरासाव हे दीड लाखांहून थोड्याच अधिक वस्तीचे बेट, बहुतांशी हॉलंडमध्ये जन्मलेल्या खेळाडूंच्या बळावर, २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. तेव्हापासून परदेशस्थ भारतीयांना दार उघडा, ही मागणी पुन्हा जोराने होऊ लागली आहे.

मला ही मागणी पटत नाही. ग्वामचा पासपोर्ट त्याच्या संघाला उपयोगी पडला, परंतु तो कोणत्या मोलाने मिळाला? ग्वामचा रहिवासी अमेरिकेचा नागरिक आहे आणि अमेरिकेच्या सैन्यात मरू शकतो. मात्र बेटावर राहून त्याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. त्याचा एक प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या सभागृहात बसतो. अंतिम मतदानात त्याला मताधिकार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत ग्वामचे नाव आजही आहे. ज्या दाराचा आपण हेवा करतो ते परक्याच्या वाड्याचे दार आहे. आपले नागरिकत्व आपण स्वतः घडवलेल्या राज्यघटनेतून आले आहे. अकरा जागांसाठी त्याच्या अटी बदलू नयेत. शिवाय एक व्यावहारिक मुद्दा आहे. दीड लाखांच्या बेटाला पाच-सहा कसलेले खेळाडू बाहेरून मिळाले की सारा संघ पालटतो. आपल्याकडे ते मिळाले तर मुले जेथे खेळू शकत नाहीत अशी शेकडो शहरे तशीच राहतील, फक्त त्यांच्याकडे कोणी पाहणार नाही.

बाहेरून येणाऱ्या पायांवर उभा राहिलेला संघ किती अस्थिर असतो हेही ग्वामनेच पुढे दाखवले. खेळाडू अमेरिकेत, बेट प्रशांत महासागराच्या पलीकडच्या टोकाला आणि सामने ओमानपर्यंत; नुसता विमानभाड्याचा हिशेब करून पाहावा. २०१६ च्या आरंभी गॅरी व्हाइट चीनमधील एका क्लबकडे गेला. २०२२ च्या विश्वचषकाच्या पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत ग्वाम आठही सामने हरला.

पैशाचा विषय निघाला आहे तर एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. जागतिक संघटनेच्या २११ सभासदांपैकी प्रत्येकाला एक मत आहे. ब्राझीलला एक आणि ग्वामलाही एकच. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडीत ज्या बेटाला स्थान नाही त्याला फुटबॉलच्या अध्यक्षाच्या निवडीत पूर्ण मत आहे, ही मोठी न्यायाची गोष्ट वाटते, आणि ती आहेही. पण ज्याचे मत समान त्याची गरज समान नसेल तर मताला बाजारभाव येतो. ग्वामच्या संघटनेचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले रिचर्ड लाय यांनी २०१७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात लाखो डॉलरची लाच घेतल्याची कबुली दिली. आशियाई फुटबॉलच्या सत्तास्पर्धेत मत आणि पाठिंबा मिळवण्यासाठी ते पैसे देण्यात आले होते. यातील काही वर्षे ग्वामचा संघ वर चढत होता तीच आहेत. खेळाडूंना यातले काय ठाऊक असणार!

पात्रता फेरीतील कामगिरीमुळे ग्वामला २०१९ च्या आशियाई चषकाच्या पात्रतेच्या अंतिम टप्प्यात थेट प्रवेश मिळाला होता. गटात शेवटचा आलेल्या भारताला मात्र आधी लाओसशी दोन सामने खेळून तेथवर पोहोचावे लागले. त्यानंतर ग्वामने खर्च झेपत नसल्याचे सांगून माघार घेतली. रिकाम्या राहिलेल्या जागांमध्ये मकावची वर्णी लागली आणि मकाव भारताच्याच गटात आला. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी बंगळूरच्या कांतीरव्हा मैदानावर भारताने मकावला ४-१ असे हरवून आशियाई चषकातील आपली जागा निश्चित केली. दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर ग्वाम आपल्याकडून एका गोलाने हरला होता.