आधी पट्टी दाखवा

मा. केंद्रीय ऊर्जामंत्री आणि मा. केंद्रीय पर्यावरणमंत्री यांस,



देवगडात आंब्याच्या पेटीचा भाव ऐकून कुणी हुरळत नाही. वाशीच्या बाजारातून दलालाची हिशोबाची पट्टी येईपर्यंत आम्ही थांबतो. तीत गाडीभाडं, हमाली कापलेली असते; फवारणी, राखण, पेंढा यांचा खर्च तर आधीच घरातून गेलेला. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड ‘नव्वद टक्के पकडू’ असं सांगितलं जातं, तो नुसता पेटीचा भाव. पट्टी कुठे आहे?

विचारायला कारण आहे. याच तालुक्यात आधी गिर्ये, मग मुणगे इथे ४,००० मेगावॉटचं कोळसा केंद्र येऊ घातलं होतं. लोक विरोधात उभे राहिले, केंद्र झालं नाही. उद्या ते ‘स्वच्छ कोळसा’ म्हणून परत आलं तर?

आता हिशोब. अमाइन या रसायनाचं द्रावण धुरातला हा वायू शोषतं, पण तो त्यातून सोडवायला उष्णता लागते आणि ती टर्बाइनच्याच वाफेतून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या (आयपीसीसी) २००५ च्या अहवालाप्रमाणे, नव्या सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाब-तापमानाच्या वाफेवर चालणाऱ्या) केंद्रात तेवढ्याच विजेसाठी २४ ते ४० टक्के जादा इंधन जळतं. साधारण ३० धरू. पूर्वी १०० टन वायू निघायचा, तिथे १३० निघणार. नव्वद टक्के पकडूनही १३ टन सुटणार. म्हणजे धुराड्यापाशी बचत ८७ टनांची. ती मोठी आहे, उगाच नाकारणार नाही. पण ३० टक्के जादा कोळसा खणायचा, त्यासोबत खाणीतला मिथेन, बोटी-वाघिणींचं डिझेल आणि तितकीच जादा राख. शिवाय द्रावण तयार करण्याचा भार, ते विघटताना सुटणारा अमोनिया, वायू दाबून जमिनीत ढकलायची वीज. खाणीपासून वायू गाडायच्या विहिरीपर्यंतच्या या मोजणीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. तीत हवामानाचा आकडा उतरतो, पाण्याच्या प्रदूषणाचा मात्र चढू शकतो.

आणि गंधक! धुरातला सल्फर डायऑक्साइड आधी काढला नाही तर अमाइन नासतं. असं असताना पर्यावरण मंत्रालयाच्या ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. एका हाताने कार्बन पकडायचा आणि दुसऱ्या हाताने गंधक सोडायचा, हे दोन्ही मंत्रालयांनी एकदा समोरासमोर बसून ठरवलंय का?

सरकारी वीज कंपनी एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात २०२२ पासून रोज २० टन वायू पकडण्याची क्षमता असलेला प्रकल्प आहे. पाचशे मेगावॉटचा एक संच दिवसाला हजारो टन सोडतो, त्यापुढे हे चिमूटभर. पण नमुना म्हणून पुरे. तिथे वाफ, पाणी, द्रावण किती लागलं आणि पकडलेला वायू शेवटी कुठे गेला, हे एका कागदावर, मराठीत छापा. कोकणात असा प्रस्ताव आणायचा असेल, तर तो कागद जनसुनावणीच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या. खाली सही कुणाची, तेही वाचता येईल असं असावं.

आपला,
देवगड तालुक्यातला एक बागायतदार